खिडकीवरून

अर्धांगवायूने वाचा गेलेल्या म्हाताऱ्याच्या तोंडून वॉर्डात पहिला शब्द फुटला तो शिवीचा. शेजारच्या पेशंटने खिडकी बंद करायला लावली होती. याला वारा हवा, त्याला सोसत नाही, रोज तेच. भांडता भांडता म्हाताऱ्याचा लुळा हात खिडकीकडे सरकू लागला. म्हातारी वरवर दटावायची, मनातून खूश व्हायची. मुलाला लाज वाटली. "भेटायला येणारे काय म्हणतील?" त्याने बापाला वरच्या स्पेशल रूममध्ये हलवलं. तिथे गारेगार एसी आणि न उघडणारी काच होती. पाहुण्यांनी खोलीचं तोंडभरून कौतुक केलं. म्हाताऱ्याचं तोंड मिटलं, हातही जागचा हलेना. "आता कुणाची कटकट नाही," मुलगा म्हणाला. म्हातारी तडक वॉर्डात गेली. "भाऊ, जरा वर येऊन यांच्याशी भांडता का हो?" वारा न सोसणारा तो शेजारी भिंतीकडे तोंड करून पडला होता. खिडकी सताड उघडी होती.