सगळं वेल

"आजी अगदी वेल-केप्ट आहेत," वृद्धाश्रमाची व्यवस्थापक बाई म्हणाली. नाकावरचा रुमाल तेवढा तिने काढला नाही.

खोलीत असा वास, की भिंतीवरची पाल शेपूट तिथेच टाकून पळाली असावी. उशी काळी, तेलकट. पिळली असती तर कढईभर तेल निघालं असतं. चादरीवर सांडलेल्या दुधाचा डाग आणि त्यावर माश्यांचं संमेलन. अध्यक्षीणबाई मधोमध बसून हात चोळत होत्या.

लेक दारातच थबकली. आईला कायमचं इथे ठेवायचं की नाही, ते आज सांगायचं होतं. नवरा खाली गाडीत बसला होता. त्याचं कधीच ठरलं होतं.

"आणि वेल-फेड पण!" बाईने स्टुलावरची वाटी दाखवली. सूप इतकं थिजलेलं, की चमचा त्यात कुणी न धरता उभा. साईत एक लांब पांढरा केस. "एकूण काय, वेल-बीइंग. आमचं ब्रीदच आहे ते."

लेकीने तोंड फिरवलं. पलंगावर आई मात्र खुदकन हसली.

"हसतेस काय गं आई?"

"बाई खरं बोलतेय म्हणून. शाळेत असताना तू घोकून घोकून माझे कान किटवलेस ना? डब्ल्यू, ई, डबल एल, वेल. वेल म्हणजे?"

"विहीर." लेकीच्या तोंडून निघूनच गेलं.

"हां. मग वेल-केप्ट म्हणजे विहिरीत ठेवलेली. वेल-फेड म्हणजे विहिरीच्या तळाचं खाऊ घातलेली. घे, चाखून बघ. बेडूक तेवढा लागत नाही."

"आजी भारी विनोदी हं!" रुमालाआडून बाई म्हणाली.

"आणि वेल-बीइंग?" लेकीने हळूच विचारलं.

"अजून विहिरीतच आहे."

खाली गाडीचा हॉर्न वाजला. लगेच पुन्हा वाजला.

"मग ताई, कायमचं नक्की धरू ना?" बाईने विचारलं.

लेक पलंगाशी येऊन आईवर वाकली. आईने उशीवरून डोकं उचललं आणि दोन्ही हात सरळ वर केले.

"वरून वाकून बघत काय राहिलीस, बये? दोर सोड की!"