तिसरं दुकान

“नको,” आर्वो म्हणाले आणि त्यांनी रायफल काउंटरवर परत ठेवली. “गोळी चढवायचा दांडा उजव्या बाजूला आहे.”

“मग? मी उजव्या हाताचीच आहे ना बाबा,” हेल्मी म्हणाली.

“तरी नको.”

सकाळपासूनचं हे तिसरं दुकान. पहिलं हौटन गावात, दुसरं त्याच्यापुढे तीस मैलांवर, आणि हे, वेंडेलचं, पार जंगलाच्या तोंडाशी. दुपारचं जेवण म्हणजे गाडीत बसून खाल्लेली एकेक गार, खिमा-बटाटा भरलेली पेस्टी. बाहेर पाऊस नाही, बर्फही नाही, दोन्हींच्या मधलं काहीतरी पडत होतं. हरणांचा हंगाम सुरू व्हायला तीन आठवडे उरले होते.

हेल्मी अठ्ठावीस वर्षांची होती. कौंटीच्या रस्त्यांवरचा बर्फ काढायची गाडी चालवायची. शनिवारी क्लबात निशाणेबाजी, नोव्हेंबरात शिकार. आणि दोन्हीसाठी आजवर हातात असायची ती बाबांची एक जुनी बोल्टवाली रायफल. आता तिला स्वतःची पहिली रायफल हवी होती, आणि ती सेमी-ऑटोमॅटिकच. चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढते, दर गोळीला बोल्ट उचलून मागेपुढे करत बसावं लागत नाही. आर्वो अशा बंदुकांना ‘झारी’ म्हणायचे. “शिंपडत सुटायचं नुसतं. एखादा थेंब लागला तर लागला हरणाला.”

म्हणून ती एकटीच जाणार होती. पण सकाळी सहाला बघते, तर बाबा टोपी घालून गाडीत बसलेले.

पहिल्याच दुकानात तिला हवी ती मिळाली होती. साधा अक्रोडाचा दस्ता, खांद्याला लावली की जणू तिथेच उगवल्यासारखी. तिने तोंड उघडायच्या आत आर्वोंनी ती हातातून घेतली, उलटीपालटी केली आणि म्हणाले, “चल, पुढचं दुकान बघू.” ती गाडीत जाऊन बसली, ते जरा मागाहून आले. पुढच्या दुकानात एक जड निघाली. दुसरीची सेफ्टीची कळ घट्ट निघाली. तिसरीचं मॅगझिन बसवायला म्हणे ‘जोर लागतो’. जिला दुकानदार ‘लोण्यासारखी’ म्हणत होता, तिच्यातही त्यांनी खुसपट काढलं. पक्षाघाताचा झटका आल्यानंतर माणूस चिडका होतो, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. झटक्याला आता दीड वर्ष झालं होतं. बाबा केव्हाच बरे झाले होते, चिडकेपणा तेवढा मागे राहिला होता.

“ही बघा,” वेंडेलने हसत भिंतीवरून आणखी एक काढली. “आर्वो, हिच्यात तुम्ही खोट काढलीत ना, तर मी दुकान विकून मासे पकडायला जातो.”

हेल्मीने हात पुढे केला. रायफल तिच्या हातात यायच्या आधीच आर्वोंनी घेतली. खांद्याला लावली. खाली आणली. पुन्हा लावली. मग दांडा ओढून पाहू लागले. एकदा, दोनदा, तीनदा.

हेल्मीचा संयम सुटला.

“पुरे झालं हो, बाबा! सकाळपासून बघतेय. पहिलीनंतर एक तरी मला हातात धरू दिलीत? तुम्हाला झारी नको ना, मग आलात कशाला? रायफल मला घ्यायचीय की तुम्हाला?”

दुकानात दुसरं गिऱ्हाईक नव्हतं, तरी वेंडेल काहीतरी पुसायला लागला.

काउंटरच्या टोकाला कुणीतरी विकायला ठेवलेली जुनी बोल्टवाली पडली होती. ती आर्वोंनी जवळ ओढली आणि उजवा हात बोल्टच्या मुठीवर ठेवला. बोटं मुठीभोवती वळली, पण बोल्ट हलला नाही. त्यांनी ओठ मिटून पुन्हा जोर लावला. हात मुठीवरून घसरून काउंटरवर आपटला.

“चाप ओढता येतो,” ते म्हणाले. “तेवढं येतं. हे नाही येत.”

हेल्मीने काउंटरवर पडलेल्या त्या हाताकडे पाहिलं.

“गेल्या हंगामात ओढ्यापाशी मोठा नर आला होता. पहिली गोळी पोटात गेली. माझीच चूक. दुसरी भरायला गेलो, तर बोल्ट उचलेना. तो तिथेच उभा होता, हेल्मी. मान वळवून बघत होता. मी डावा हात वरून नेईपर्यंत दलदलीत शिरला. दोन दिवस रक्ताचा माग काढला. नाही सापडला.”

“तुम्ही तर घरी म्हणालात, काहीच दिसलं नाही.”

“काय सांगू? चाळीस वर्षं लोकांना शिकवलं मी, जखमी जनावर सोडून येऊ नये म्हणून.”

हेल्मीने ती जुनी बोल्टवाली उचलून काउंटरच्या टोकाला परत सरकवली.

आर्वोंनी वेंडेलने दाखवलेली रायफल पुन्हा उचलली. हिचा दांडा डाव्या बाजूला होता. त्यांनी डाव्या हाताने तो ओढला आणि सोडला. खट्‌ करून तो जागेवर गेला. त्यांनी अजून एकदा ओढला.

“तुझी ती अक्रोडाच्या दस्त्याची मी सकाळी हौटनलाच बाजूला काढून ठेवायला सांगितलीय,” तिच्याकडे न बघता ते म्हणाले. “ही झारी मला.”