पत्र्याची उंची

भूकंपानंतर नव्या जागी वसलेल्या गावात रस्ते रुंद झाले, पण पेठ रुजलीच नाही. तिचा आराखडा करायला आलेल्या निकितानं चन्नम्माच्या हातात फक्कीचा डबा दिला. "आज्जी, जुनी पेठ कशी होती, ते मैदानात आखून दाखवा." चन्नम्मा पांढरी रेघ ओढत निघाली. "इथं कासार, इथं शिंपी, पुढं आमचं दुकान." निकितानं टेप लावला; गल्ली सातच फूट भरली. "एवढी अरुंद?" "समोरचा चहा बसल्या जागी हातात यायचा, पोरी. दिवसभर सावली." एका ठिकाणी चन्नम्मा वाकून पुढं गेली. वर नुसतं आभाळ होतं. "आमच्या दुकानाचा पत्रा," ती ओशाळली. "हे आतनं रोज म्हणायचे, वाकून ये. त्या पहाटे पत्र्यासंगं हेबी गेले." "पत्रा किती खाली होता?" निकितानं विचारलं. चन्नम्मानं हात कपाळाशी नेला. तो तिथंच राहिला.