बारा शब्द

अर्धे शब्द टाकून झाले आणि दुकानात बसलेल्या चष्मेवालीचं बोट फोनवर थांबलं.

निरोप धाकट्या भावाच्या नंबरवरून आला होता. "मिरचीताई, तुझं क्रिप्टोचं पाकीट आज बंद पडतंय. खालच्या लिंकवर बारा शब्द टाक, वाचेल." मिरचीताई म्हणणारा जगात तो एकटाच. वडिलांच्या आजारपणात दोघांची जुंपली होती, आणि तेव्हापासून अबोला. ते नाव वाचलं आणि ती विरघळलीच. शिवाय लेन्स घासायच्या नव्या यंत्रासाठी पोटाला चिमटा काढून साठवलेलं सगळं त्या पाकिटात होतं.

पण बारा शब्द म्हणजे पाकिटाची किल्ली, हे तिला त्यानेच शिकवलं होतं. "कुणी मागितले तरी द्यायचे नाहीत. मी मागितले तरी नाही."

मग आज मागतो कसा? तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिने काही न पाठवता ते पान बंद केलं आणि थेट नंबर फिरवला.

"लाज नाही वाटत?" तो हॅलो म्हणायच्या आत ती कडाडली. "सख्ख्या बहिणीला लुबाडायला निघालास?"

"मी? मी काय केलं?"

तिने निरोप वाचून दाखवला. पलीकडे खुर्ची धाडकन सरकली. "मेलो! सकाळी एक फुकटचं ॲप घेतलं, त्यातून चोर शिरला फोनमध्ये. माझंही पाकीट त्यातच आहे. ठेवू नकोस, थांब." ऑफिसच्या संगणकाची बटणं खडखडली.

"आहेत गं! माझे पैसे अजून जागेवर होते. हलवले नव्या पाकिटात. तुझा फोन आला नसता तर चोराने सगळं धुऊन नेलं असतं."

तिचा राग कुठल्या कुठे पळाला. एकच गोष्ट खुपत राहिली. "पण त्या चोराला माझं ते नाव कसं कळलं?"

"त्याला कसलं कळतंय? फोनमध्ये ज्याचं जे नाव लिहिलंय, ते उचलून पाठवतो." तो अडखळला. "तुझं मी कधी बदललंच नाही."

चष्मेवालीने काचा पुसायच्या फडक्याने डोळे पुसले. "आधी सगळ्यांना सांग, लिंक उघडू नका म्हणून. मग तो फोन बंद कर आणि दुकानात ये."

"आत्ता? रागावणार नाहीस ना?"

"रागावणार आहे. म्हणून तर समोर ये."