मध्यंतरानंतर

मध्यंतराचे दिवे लागले तशी ताईनं खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. एक्केचाळीस वर्षांपूर्वी ती याच सिनेमातून, इथंच उठून गेली होती.

“दमलीस का गं? जायचं का घरी?” शेजारी बसलेल्या धाकट्या भावानं विचारलं. धाकटा आपलं म्हणायचं. त्याचीही साठी आली होती.

“आज मला कुणी उठवू नका,” ताई म्हणाली. “खुनी कोण ते कळल्याशिवाय मी हलायची नाही.”

सिनेमा पहिल्यांदा लागला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती, शिंप्याच्या दुकानात काजं-बटणं करायची. रहस्यपटांचं तिला भारी वेड. बंद खोली, पियानोशेजारी पडलेलं प्रेत, सात संशयित आणि आवाजही न चढवता त्या सातांना घाम फोडणारा गुप्तहेर, एवढं मिळालं की तिला जेवणही नको असे. घरी वडील अंथरुणाला खिळलेले. दुपारी तीनपर्यंत धाकटा त्यांच्यापाशी बसायचा. तीनला दुकानातून सुटून ती यायची. त्या दिवशी ती आली नाही. कुणाला न सांगता तीनच्या खेळाला जाऊन बसली. मध्यंतरात पडद्यावर तिच्या नावाची पाटी झळकली: ताबडतोब बाहेर या. दाराशी शेजारीण उभी होती; तिनं ताईला तिकिटाच्या रांगेत पाहिलं होतं. ताई धावत घरी पोचली तेव्हा धाकटा वडिलांच्या पायांवर डोकं ठेवून रडत होता.

“साडेतीनपर्यंत तुझ्या नावानं हाका मारत होते गं,” तो म्हणाला होता. “पोरगी आली का, पोरगी आली का, एवढंच.”

डॉक्टर संध्याकाळी आले आणि धाकट्यानं सांगितली ती वेळ लिहून गेले.

त्यानंतर ताईनं लग्न केलं नाही. धाकट्याचा संसार मांडून दिला, त्याच्या बायकोची बाळंतपणं काढली, पोरांची आंगडी-टोपडी शिवली. सिनेमाचं नावसुद्धा काढलं नाही. भाऊ मोठ्या मनाचा. “जाऊ दे ताई, झालं ते झालं,” असं तो वर्षातून दोन-तीनदा, चार माणसं जमली की हमखास म्हणायचा. दर वेळी ताईची मान आणखी खाली जायची.

सिनेमाचंही नशीब फुटकंच. एवढा चोर पकडणारा गुप्तहेर, पण त्याची गोष्टच चोरीची आहे असा कुणी दावा ठोकला. पहिल्याच दिवशी, सहाच्या खेळाआधी, कोर्टाची मनाई येऊन थडकली. बाराचा आणि तीनचा, दोनच खेळ झाले आणि रिळांचे डबे कुलपात गेले. वारस भांडून भांडून थकले तेव्हा कुठे या आठवड्यात तो पुन्हा पडद्यावर आला. भाचीनं आत्यासाठी म्हणून दोन तिकिटं आणली. धाकटा आधी नको-नको करत होता. मग “तुला एकटीला कसं सोडू” म्हणत निघाला.

दिवे मालवले. ताई पुढं सरकून बसली. धुक्यातला बंगला, जिन्यावर थबकलेली पावलं, एकमेकांची नजर चुकवणारी माणसं. तिला चोविसाव्या वर्षी वाटली होती तेवढीच मजा वाटली, आणि आज त्या मजेची लाजही वाटेना. तिचा संशय वकिलावर होता.

“कोण असेल रे?” तिनं हळूच विचारलं.

“मला काय माहीत? मी कुठं पाहिलाय?”

गुप्तहेरानं सगळ्यांना दिवाणखान्यात गोळा केलं. तो घड्याळाखाली जाऊन उभा राहिला. थिएटरात टाचणी पडली तरी ऐकू आली असती. आणि शेजारी धाकटा पुटपुटला, “घड्याळ खोटं बोलत नाही, बाईसाहेब…” मध्ये तो थांबला, बोट वर केलं. “…घड्याळाला किल्ली देणारा बोलतो.”

मग पडद्यावर गुप्तहेर तेच बोलला. शब्दन् शब्द. थांबला तोही तिथंच, आणि बोटही तसंच वर केलं.

टाळ्या पडल्या. धाकटा पडद्याकडे बघत लहान मुलासारखा हसत होता. आपण काही बोललो हे त्याच्या गावीही नव्हतं. खुनी कोण, ते ताईनं पाहिलंच नाही. सहाचा खेळ झाला नव्हता. तीनच्या खेळाच्या वेळी हा वडिलांपाशी होता. उरला बाराचा.

“बाराच्या खेळाला गेला होतास तू,” ती म्हणाली.

धाकट्याचं हसू मावळलं.

“ते झोपले होते गं,” तो म्हणाला. “म्हटलं, तीनच्या आत परत येईन. आलो तर गार पडले होते. तू येशील, विचारशील, म्हणून भ्यालो. तू आलीच नाहीस. मग…”

म्हणजे वडील एकटेच गेले. ती तीनला घरी पोचली असती तरी ते भेटले नसते. ताईच्या अंगाची लाही लाही झाली. उठून याच्या थोबाडीत द्यावी असं तिला वाटलं. पण हात उचलण्याआधी तिला एक गोष्ट विचारायची होती.

“आणि हाका? माझं नाव घेत होते ते?”

धाकट्यानं मान खाली घातली. “ते मी आपलं सांगितलं.”

दिवे लागले. लोक उठले, खुनी कुणाकुणाला आधीच कळला होता यावर वाद घालत दाराकडे निघाले. ताई बसूनच राहिली. वडिलांना मरताना आपलीच आठवण झाली, या एका गोष्टीवर तिनं एवढी वर्षं काढली होती.

“तेवढं तरी खरं असायला हवं होतं रे,” ती म्हणाली.