पडताळणीचा फोन

“काका, घरात एकूण किती माणसं राहतात?”

“चार. सून चहाच टाकतेय बघ.”

मी कपाळावर हात मारला. पन्नास हजार म्हाताऱ्यांच्या तब्येतीचं आमचं सर्वेक्षण. फोनवरचं उत्तर आधी घरी जाऊन लिहून घेतलेल्या उत्तराशी जुळलं नाही, तर पडताळणीसाठी पुन्हा फोन करायचा, हे माझं काम. फलटणच्या धायगुडेकाकांनी घरी ‘एकटाच’ असं सांगितलं होतं. गेल्या फोनला ते सहा म्हणाले, त्याआधी तीन.

“काका, चेष्टा लावलीय का? आज जुळलं नाही, तर तुमचं नाव अभ्यासातून वगळावं लागेल मला.”

पलीकडे पंखा करकरत राहिला. भांड्याचा आवाज कुठेच नव्हता.

“एकटाच असतो गं. पण उत्तर जुळलं की फोन बंद, असं तूच सांगितलं होतंस ना?”

“हो. पण वगळलं तरी बंदच होतो, काका.” माझा आवाज आपोआप खाली आला. “एक लिहू? निदान एकटे राहणाऱ्यांत तुम्ही मोजले तरी जाल.”



“मोजायचं राहू दे पोरी,” काका म्हणाले. “फोन तेवढा करत जा.”