मांडव कुठे घालायचा

"हा मथळा छापला ना डॉक्टर, तर संपादक मलाच समुद्रात सोडून येतील," शायजू म्हणाला आणि त्याने कागद लेखा पणिक्करांच्या हातात परत दिला.

लेखाबाईंनी मोठ्या हौसेने लिहिलं होतं : 'पुत्तनकडव गिळायला निघाला समुद्र!!!' भरती-ओहोटी मोजण्यात जिचे केस पिकले, त्या बाईला तीन-तीन उद्गारचिन्हं कुठून सुचली, देव जाणे.

"आणि तुझं काय रे?" त्यांनी त्याचा कागद नाचवला. "'मर्यादित नोंदींच्या आधारे, विशिष्ट परिस्थितीत, पातळी वाढण्याची शक्यता पूर्णपणे नाकारता येत नाही.' अरे, इतकं घाबरत मीसुद्धा लिहीत नाही!"

"तुमच्याच अहवालातनं उचललंय."

दोघंही हसत सुटली. लेखाबाईंची संस्था आणि शायजूचं वर्तमानपत्र मिळून समुद्रावर एक पान काढणार होते, आणि पहिला खर्डा उलटा लिहायचा अशी रीत त्यांनीच ठरवली होती. बातमी शास्त्रज्ञाने लिहायची, शास्त्र बातमीदाराने. त्यातून एकमेकांच्या डोक्यात काय चालतं ते कळावं. कळलं एवढंच, की दुसऱ्याची खोड उचलताना माणूस त्याच्याही वरताण करतो.

पण हसण्यावारी नेण्याची सोय नव्हती. गेल्या पावसाळ्यात दुसऱ्याच एका वर्तमानपत्राने लेखाबाईंचं नाव घालून 'हे गाव लवकरच पाण्याखाली' असं ठोकून दिलं होतं. त्या तसं बोलल्याच नव्हत्या. पण पुत्तनकडव गावातल्या पोरींची ठरत आलेली लग्नं फिसकटायला लागली, आणि एका सकाळी बायकांनी खाडीच्या तोंडाशी रोवलेला त्यांचा मोजणीचा खांब उपटून नेला. तेव्हापासून नोंदी बंद होत्या. प्रत्येक भरतीला पाणी न मोजलेलंच निघून जायचं आणि बाईंचा जीव तुटायचा.

खांब उपटणाऱ्यांची म्होरकी होती फिलोमिना, सगळ्या गावाची 'चेची', म्हणजे ताई. खांब परत हवा असेल तर नवी बातमी छापण्याआधी मला वाचून दाखवायची, ही तिची अट. छापण्याआधी बातमी कुणाला दाखवायची नाही, हा शायजूच्या कचेरीचा नियम. त्याने तो गुंडाळून ठेवला होता आणि दोघं तिच्याच चहाच्या दुकानात बाकावर बसली होती.

दोन्ही कागदांची कापाकापी करून तिसरा खर्डा तयार झाला. शायजूने घसा खाकरून वाचला. समुद्र चढतो आहे. किनाऱ्यावरची समुद्र अडवणारी भिंत उत्तरेकडे वाढवल्यास धोका कमी होईल. भीती नाही, थापा नाहीत. लेखाबाई मनातून खूश झाल्या.

चेची कढईत पळमपोरीची भजी उलटत होती. केळ्याचा गोड वास सुटला होता.

"खोटं काही नाही यात," ती म्हणाली.

"मग झालं तर!"

"झालं काय, कपाळ? हे वाचून मी करू काय? माझ्या जिन्सीचं लग्न जानेवारीतल्या दुसऱ्या सोमवारी आहे. मुलाकडचे विचारतात, तुमच्या अंगणात समुद्र शिरतो म्हणे. काय सांगू त्यांना? धोका कमी होईल?"

शायजूने वही उघडली. लेखाबाईंनी खर्डा बाजूला सारला आणि पिशवीतून भरतीचं कोष्टक काढलं. चष्मा नाकावर ओढला. बोट एका ओळीवर थांबलं.

"अमावास्येच्या जवळचा दिवस धरलात हो चेची. पहाटे तुमच्या अंगणात घोटाभर पाणी असणार. दहातल्या आठ वेळा तरी असणारच. दुपारी ओसरेल. लग्न तीनला ठेवा, आणि मांडव अंगणात नको, चर्चच्या ओट्यावर घाला. राहिलेल्या दोन वेळा अंगण कोरडं निघालं, तर तुमचं काही बिघडत नाही."

"माझं लग्न याच अंगणात झालं. जानेवारीतच. थेंब नव्हता."

"नव्हताच. समुद्र तेव्हा खाली होता. आता चढलाय, आणि अजून चढणार आहे. जिन्सीच्या लग्नाला पाणी दुपारी ओसरेल. तिच्या लेकीच्या लग्नाला ते ओसरायची वाट बघावी लागेल, संध्याकाळपर्यंत. तोवर भिंत उत्तरेला चर्चपर्यंत नेली, तर मांडव पुन्हा अंगणात घालता येईल. गाव कुठे जात नाही चेची. पण भिंत आपोआप येत नाही."

बोलून झाल्यावर बाईंच्या लक्षात आलं, की आपण एकदाही 'शक्यता' म्हटलं नाही, आणि तरी एक अक्षर चुकीचं बोललो नाही. त्यांना इतकं हलकं वाटलं, की त्यांनी न विचारताच ताटलीतली एक पळमपोरी उचलली.

कढईतली पळमपोरी काळी पडत चालली होती.

"मोने, लेका, हे सगळं लिहिलंस का?" चेचीने शायजूला विचारलं.

"शब्द न् शब्द, चेची." त्याने तिसऱ्या खर्ड्यावर केव्हाच काट मारली होती.

"मग हेच छाप. आणि अंक जास्तीचे दे, मुलाकडच्यांना धाडायचेत." ती लेखाबाईंकडे वळली. "तुमचा खांब मागे परसात आहे, डॉक्टर. त्याला माझी कपडे वाळवायची दोरी बांधलीय. कपडे काढून घड्या घाला आणि घेऊन जा."

लेखाबाई अर्धी पळमपोरी तोंडात कोंबून उठल्यासुद्धा.

"आणि हे बघा," चेची मागून ओरडली, "या खेपेला जरा खोल रोवा. नातीच्या लग्नापर्यंत टिकला पाहिजे!"